मोटारीची बैठक आणि तिचे पाय

जुनी मोटार घरांत असली म्हणजे तिच्या सुधारणेविषयीं प्रत्येकाची कांहीं ना कांहीं सूचना असते. कोणाला रंग बदलावयाचा असतो, कोणाला दिवे अधिक प्रखर हवे असतात. तरुण मंडळींचें लक्ष मात्र बहुधा बैठकीकडे जातें. पुढचें तें लांबलचक बाक, त्याच्या दबलेल्या स्प्रिंगा, आणि वळणावर एका अंगाला घसरत जाणारा चालक, हें सर्व त्यांना जुनाट वाटतें. बाजारांत दोन्ही कडांनीं उंच असलेल्या, अंगाला लपेटून घेणाऱ्या, शर्यतीच्या गाडींत शोभाव्या अशा बैठका मिळतात. त्यांना स्पोर्ट सीट असें म्हणतात. दुकानदार बैठक पुढें मांडतो, तिच्या गादीची प्रशंसा करतो, कापडाचे नमुने दाखवितो. आणि 'ही आमच्या गाडींत बसेल काय?' असें विचारतांच तो सांगतो, 'ब्रॅकेट करून घ्या. कोणत्याही गाडींत बसेल.'

त्या उत्तरांतील 'ब्रॅकेट' हा शब्द ऐकणारा सहज सोडून देतो. वास्तविक सारें प्रकरण त्या एका शब्दांत आहे. ब्रॅकेट म्हणजे बैठक आणि गाडीचा तळ यांना जोडणारा लोखंडी दुवा. प्रत्येक कारखान्याच्या गाडीच्या तळावरील भोकांची मांडणी निराळी असते, आणि विकत आणलेल्या बैठकीच्या खालचीं भोकें त्या मांडणीशीं जुळत नाहींत. म्हणून मधें कांहींतरी घडवून बसवावें लागतें. हें घडविणें बहुधा कोपऱ्यावरच्या वेल्डिंगच्या दुकानांत, अर्ध्या दिवसांत, उरल्यासुरल्या पट्टीपासून उरकलें जातें. बैठक सर्वांना दिसते, ब्रॅकेट कोणी वांकून पाहत नाहीं. परंतु अपघाताच्या क्षणीं बैठकींतल्या मनुष्याचें काय होणार, तें पुष्कळसें या न दिसणाऱ्या लोखंडावर अवलंबून असतें.

घरांतील झोपाळ्याचें उदाहरण येथें चपखल बसतें. झोपाळ्याची फळी शिसवी असो कीं सागवानी, तिला पितळी फुलें असोत कीं नसोत. लहान मुलांना तिच्यावर बसविण्यापूर्वीं शहाणा गृहस्थ फळीकडे पाहत नाहीं, वर पाहतो. कडी तुळईच्या आरपार जाऊन पलीकडे नटानें आवळली आहे, कीं नुसती लांकडांत पिळून बसविली आहे, हें तो पाहतो. मोटारीच्या बैठकीच्या बाबतींत एवढाच फरक, कीं येथें वर न पाहतां खालीं पाहावयाचें असतें.

उदाहरणासाठीं मुंबईकरांच्या पूर्ण परिचयाची गाडी घेणें बरें. वालचंद हिराचंद यांनीं १९४४ सालीं प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली. तिच्या कुर्ला येथील कारखान्यांतून पुढें इटलीच्या फियाट कंपनीच्या ११०० या जातीच्या गाड्या बाहेर पडूं लागल्या. त्याच घराण्यांतली गाडी १९७४ पासून 'प्रीमियर पद्मिनी' या नांवानें ओळखली जाऊं लागली. १०८९ घन सेंटिमीटरचें एंजिन, मागील चाकांना गति, स्टीअरिंगच्या दांड्यालाच बसविलेली गिअरची मूठ, आणि पुढें एका दारापासून दुसऱ्या दारापर्यंत पसरलेलें अखंड बाक, हें तिचें नेहमींचें रूप. गिअरची दांडी जमिनींतून वर येत नसल्यामुळें पुढें तिघांना दाटीवाटीनें बसतां येई. काळ्या-पिवळ्या टॅक्सीच्या वेषांत तिनें मुंबईची कित्येक दशकें सेवा केली, आणि ऑक्टोबर २०२३ मध्यें त्या वेषांतून ती निवृत्त झाली. खासगी मालकांच्या घरीं मात्र ती अजून आहे. वडिलांची आठवण म्हणून ती जपणारीं कुटुंबें पुष्कळ आहेत, आणि बैठक बदलण्याचा प्रश्न बहुधा अशाच गाडीच्या बाबतींत निघतो.

बैठक बदलण्याची इच्छा निव्वळ हौसेची असते, असेंही म्हणतां येत नाहीं. गुळगुळीत आच्छादनाच्या बाकावर बसून घाटांतील वळण घेतांना चालकाचें शरीर बाहेरच्या बाजूला सरकूं लागतें. मग तो स्टीअरिंगलाच धरून स्वतःला सांवरतो. ज्या चक्रानें गाडी वळवावयाची, त्याच चक्राला लोंबकळून तोल राखावयाचा, ही कांहीं चांगली व्यवस्था नव्हे. शिवाय जुन्या बाकाची पाठ खांद्याच्या जवळपासच संपते. मागून दुसरी गाडी आदळली असतां धड पुढें ढकललें जातें, डोकें मागें राहतें, आणि मानेला जबर हिसका बसतो. याच कारणासाठीं अमेरिकेनें १ जानेवारी १९६९ पासून नव्या मोटारींच्या पुढच्या बैठकांना डोक्यामागें टेकण असलेंच पाहिजे असा नियम केला. चांगल्या स्पोर्ट बैठकींत कमरेला आणि बरगड्यांना दोन्ही बाजूंनीं आधार असतो व पाठ डोक्यापर्यंत जाते. हा लाभ खरा आहे.

या बैठकांच्या जन्माची हकिगतही बोधप्रद आहे. जर्मनींतील स्टुटगार्ट शहरीं १९०६ सालीं रॉयटर नांवाच्या गृहस्थानें गाड्यांची बांधणी करणारा कारखाना काढला. पोर्शे कंपनीच्या ३५६ या प्रसिद्ध गाडीची बांधणी या कारखान्यांत होत असे. १९६३ सालीं पोर्शेनें बांधणीचा कारखाना स्वतःकडे घेतला, आणि मूळ कुटुंबाकडे बैठका तयार करण्याचा धंदा तेवढा उरला. 'रॉयटर' आणि 'कॅरोसरी' या दोन शब्दांच्या जर्मन आद्याक्षरांपासून त्यांनीं 'रेकारो' हें नांव बनविलें, आणि १९६५ सालीं फ्रांकफुर्टच्या मोटार-प्रदर्शनांत आपली स्पोर्ट बैठक मांडली. दुसऱ्याच्या कारखान्यांत तयार झालेल्या गाडींत आपली बैठक बसवावयाची, असा हा व्यवहार. म्हणून बैठकीबरोबरच तिच्या पायांचा प्रश्नही जन्माला आला. नामांकित कंपन्या कांहीं ठराविक गाड्यांसाठीं पारखून घेतलेलीं ब्रॅकेटें विकतात. पद्मिनीसारख्या जुन्या गाडीसाठीं तीं बाजारांत सहसा मिळत नाहींत, आणि मग तीं घडवून घेण्यावांचून मार्ग उरत नाहीं.

आतां या ब्रॅकेटावर भार किती येतो, तें पाहणें अवश्य आहे. मनुष्य स्वस्थ बसला असतां सत्तर किलोंचा भार खालच्या दिशेनें येतो. एवढा भार घरांतील स्टूलही सोसतें. परंतु ताशीं ५० किलोमीटर वेगाची गाडी म्हणजे सेकंदाला सुमारें १४ मीटर जाणारी गाडी. ती भिंतीवर आदळली आणि तिचें नाक ६० सेंटिमीटर चेंबलें, तर तेवढ्याशा अंतरांत तिचा सारा वेग नाहींसा होतो. हा प्रकार सेकंदाच्या एक-दशांशाहून कमी वेळांत घडतो. गणित केलें असतां असें निघतें कीं, त्या वेळीं गाडींतील प्रत्येक वस्तु आपल्या वजनाच्या सुमारें सोळापट जोरानें पुढें जाऊं पाहते. सत्तर किलोंच्या मनुष्याचे अकराशें किलो होतात. पंधरा किलोंची बैठक एकटीच अडीचशें किलोंच्या जवळपास ओढ देते, आणि ती सुटली तर बसलेल्या मनुष्याच्या पाठीवर आदळते.

हा जोर लक्षांत घेऊनच नियम झाले आहेत. संयुक्त राष्ट्रांच्या मोटारविषयक नियमांपैकीं १७ व्या नियमाप्रमाणें बैठकीची चाचणी घेतांना गाडीच्या सांगाड्याला गुरुत्वाकर्षणाच्या वीसपट धक्का ३० मिलिसेकंदांपर्यंत दिला जातो, आणि बैठक, तिचे रूळ व तिची जोडणी यांपैकीं कांहींही तुटतां कामा नये अशी अट असते. येथें ध्यानांत ठेवण्यासारखी गोष्ट ही, कीं चाचणी एकट्या बैठकीची होत नाहीं; बैठक, तिचे पाय आणि तळ या तिघांची मिळून होते. बैठकीवर कंपनीचा शिक्का असला, तरी कोपऱ्यावर घडविलेल्या ब्रॅकेटाला तो शिक्का लागू पडत नाहीं. घरगुती ब्रॅकेटाची पहिली चाचणी अपघातांतच होते, आणि त्या वेळीं त्यावर मनुष्य बसलेला असतो.

मागून बसणाऱ्या धक्क्याचा विचार तर आणखी महत्त्वाचा आहे. कारण त्या वेळीं सर्व भार बैठकीच्या पाठीवर येतो. कमरेवरचें शरीर ४५ किलोंचें धरलें आणि धक्का दहापट धरला, तर ४५० किलोंचा जोर पाठीला मागें रेटतो. हा जोर तळापासून ५० सेंटिमीटर उंचीवर लागतो असें समजल्यास, बैठक तरफेसारखी मागें उलथूं पाहते आणि तिचे पुढचे दोन बोल्ट वर उपटले जाऊं लागतात. पुढच्या व मागच्या बोल्टांत ३० सेंटिमीटर अंतर असेल, तर पुढच्या जोडीवर ७५० किलोंची ओढ येते. तेंच अंतर २० सेंटिमीटर असेल, तर ओढ ११२५ किलोंवर जाते. या साध्या गणितांतून दोन नियम आपोआप मिळतात. बोल्ट एकमेकांपासून जितके लांब तितके बरे, आणि ब्रॅकेट जितकें बुटकें तितकें बरें. बैठक उंच करण्यासाठीं नळीचे तुकडे किंवा वॉशरांच्या चळती खालीं घालण्याची जी पद्धति आहे, ती यांपैकीं दुसऱ्या नियमाच्या विरुद्ध जाते. तसे पाय पहिल्याच धक्क्याला आडवे होतात.

बोल्ट तुटेल, अशी भीति लोकांना असते. परंतु चांगला बोल्ट सहसा तुटत नाहीं. डोक्यावर ८.८ हा आंकडा उठविलेला आठ मिलिमीटर जाडीचा बोल्ट दोन टनांहून अधिक ओढ कायमचा न ताणतां सोसतो. दुबळा असतो तो तळाचा पत्रा. पद्मिनीसारख्या गाडीला निराळा लोखंडी सांगाडा नसतो. पातळ पत्र्याच्या घड्या एकमेकींना जोडून झालेली पेटी हाच तिचा सांगाडा. तळाच्या सपाट पत्र्याला भोक पाडून बोल्ट घातला आणि खालून लहानसा वॉशर लाविला, तर जोराची ओढ येतांच बोल्ट, नट आणि वॉशर अखंड राहून पत्र्यांतून निसटून वर येतात. सदऱ्याचें बटण हिसक्यानें तुटतें तेव्हां दोरा पुष्कळदां शाबूत असतो. फाटतें तें कापड. म्हणून जाणता शिंपी जड कोटाच्या बटणामागें आंतल्या बाजूनें कापडाचा जाड तुकडा किंवा दुसरें लहान बटण लावतो. तळाखालीं पोलादी तबकडी लावावयाची ती याच न्यायानें.

ही तबकडी केवढी असावी, याचें उत्तर शर्यतीच्या नियमांत सांपडतें. फिआ या आंतरराष्ट्रीय मोटार-संघटनेच्या नियमांप्रमाणें, बैठक निराळ्या आधारांवर बसविली असेल तर तळाला तिची जोडणी निदान चार जागीं हवी. बोल्ट निदान आठ मिलिमीटरचे हवेत. आधार आणि खालची तबकडी पोलादाची असल्यास निदान तीन मिलिमीटर जाड आणि हलक्या धातूची असल्यास निदान पांच मिलिमीटर जाड हवी. आणि प्रत्येक जागीं निदान ४० चौरस सेंटिमीटर क्षेत्र पत्र्याला टेकलेलें हवें. दोन काड्यापेट्या शेजारीं शेजारीं ठेवल्या असतां जी जागा व्यापते, त्याहून थोडी अधिक अशी ही जागा होते. घरगुती गाडी शर्यतींत पळावयाची नसते हें खरें. परंतु अपघाताचा धक्का शर्यतीची गाडी आणि घरची गाडी असा भेद करीत नाहीं. तबकडीचे कोपरे कानशीनें गोल करून घ्यावे लागतात, नाहींतर तीच पत्र्याला सुरीसारखी कापते.

तबकडीइतकेंच महत्त्व जागेच्या निवडीला आहे. एक लहानसा प्रयोग घरांत करून पाहण्यासारखा आहे. एक पोस्टकार्ड दोन पुस्तकांवर पुलासारखें आडवें ठेवून मध्यें थोडें वजन ठेवलें, तर तें लगेच वांकतें. त्याच पोस्टकार्डाच्या दोन्ही लांब कडा दुमडून उभ्या केल्या, तर तें कितीतरी अधिक भार पेलतें. कागद तोच, शक्ति आली ती घडीमुळें. मोटारीच्या तळाचेंही असेंच आहे. दाराखालचा उंबरठा आणि गाडीच्या मधून मागच्या चाकांकडे जाणाऱ्या दांड्यावरचा बोगदा, या दोन जागीं पत्रा दुमडलेला असतो. म्हणून तेथें तो ताठ असतो. या दोहोंच्या मधला सपाट भाग पोस्टकार्डासारखा लवतो. म्हणून उत्तम ब्रॅकेट उंबरठ्यापासून बोगद्यापर्यंत आडवें जाणाऱ्या दोन मजबूत चौकोनी नळ्यांचें किंवा चॅनेलचें असतें. एक नळी पुढें, एक मागें, आणि त्यांच्यावर बैठकीचे रूळ. जुन्या बाकाच्या पायांच्या जागीं कारखान्यानें मुळांतच पत्रा बळकट केलेला असतो. तेथें नवा पाय येऊं शकत असेल तर त्या जागेला पहिला मान द्यावा.

मात्र कोणतीही जागा मुक्रर करण्यापूर्वीं सतरंजी व रबरी चटई पूर्ण उचलून तळ पाहावा लागतो. कोंकणपट्टीच्या पावसांत वाढलेल्या गाडीचा तळ वरून रंगानें झांकलेला आणि खालून गंजानें खाल्लेला असणें नवलाचें नाहीं. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीनें ठोकल्यावर ठणठणीत आवाज आला तर ठीक; बद्द आवाज आला किंवा पत्रा दबला, तर आधीं तेवढा भाग कापून नवा पत्रा बसविला पाहिजे. पोकळ भिंतींत खुंटी ठोकून तिच्यावर जड घड्याळ टांगण्याजोगेंच हें काम आहे. भोक पाडण्यापूर्वीं गाडीखालीं जाऊन ब्रेकची आणि पेट्रोलची नळी कोठून गेली आहे तेंही पाहावें लागतें. आणि पाडलेल्या प्रत्येक भोकाची उघडी कड गंजरोधक रंगानें व सीलरनें बंद करावी लागते.

आतां सीटबेल्टचा प्रश्न. जुन्या गाडीच्या मालकांची सर्वांत मोठी गफलत येथेंच होते. पुष्कळजण स्पोर्ट बैठक नवी न घेतां मोडींत निघालेल्या अलीकडच्या गाडीची बैठक आणतात. या अलीकडच्या बैठकांपैकीं कित्येकींत बेल्टची कुलुपासारखी अडकवण गाडीच्या तळाला नसून बैठकीच्याच चौकटीला असते. अशी बैठक घरगुती ब्रॅकेटावर बसविली, तर अपघातांत मनुष्याला आवरून धरणाऱ्या बेल्टचा भारही त्या ब्रॅकेटावरच येतो. बेल्टच्या जोडणीची चाचणी संयुक्त राष्ट्रांच्या १४ व्या नियमाप्रमाणें घेतात, तेव्हां तीन ठिकाणीं अडकणाऱ्या बेल्टच्या छातीवरील आणि मांडीवरील भागांना एकाच वेळीं प्रत्येकीं १३,५०० न्यूटन, म्हणजे सुमारें पावणेचौदाशें किलो वजनाइतकी, ओढ देतात. अर्ध्या दिवसांत जोडलेल्या पट्टीकडून ही अपेक्षा करणें म्हणजे सुतळीनें हत्ती बांधणें होय. म्हणून बेल्टचीं टोकें गाडीच्या मूळ सांगाड्यालाच, स्वतंत्र तबकड्या लावून, बांधलीं पाहिजेत. आणि तसें करतां येत नसेल तर ती बैठक नाकारली पाहिजे.

शर्यतींत वापरतात तसा चार पट्ट्यांचा बेल्ट घरच्या गाडीला लावण्याची हौसही कांहींना असते. ती टाळलेली बरी. खांद्यावरून येणारे पट्टे मागें उतरत्या दिशेनें तळाला बांधले, तर धक्क्याच्या वेळीं ते पाठीच्या कण्याला खालीं दाबतात. शिवाय शर्यतीच्या गाडींत छपराखालीं पोलादी पिंजरा असतो. घरच्या गाडींत तो नसतो. गाडी उलटून छप्पर दबलें, तर नेहमींच्या बेल्टमध्यें शरीराला बाजूला कलण्यास थोडा वाव राहतो. चार पट्ट्यांनीं ताठ बांधलेल्या मनुष्याला तो राहत नाहीं. एका ठिकाणचें हत्यार दुसऱ्या ठिकाणीं नेलें म्हणजे असें होतें.

प्रत्यक्ष घडणीचें काम जाणता मिस्तरी कसें करतो, तें थोडक्यांत असें. प्रथम तो बैठक विटांवर किंवा लांकडी ठोकळ्यांवर गाडींत ठेवतो आणि जो मनुष्य नेहमीं गाडी चालविणार, त्यालाच तिच्यावर बसवितो. जुनें बाक माणसाच्या भारानें पुष्कळ दबत असे. नव्या बैठकीचा फोम तितका दबत नाहीं, म्हणून रिकाम्या बैठकीचीं मापें फसवीं असतात. क्लच तळापर्यंत दाबला असतां गुडघा किंचित् वांकलेला राहावा, पाठ टेकलेली असतां मनगट स्टीअरिंगच्या वरच्या कडेला पोंचावें, डोकें आणि छप्पर यांच्यामध्यें मूठभर जागा राहावी, मांड्या स्टीअरिंगला घासूं नयेत, आणि बैठकीचा पुढचा भाग मागच्यापेक्षां थोडा उंच असावा, म्हणजे शरीर बेल्टखालून पुढें सरकत नाहीं. बैठकीचा मध्य स्टीअरिंगच्या मध्याच्या समोर आहे कीं नाहीं, हेंही तो पाहतो. तिरकी बैठक चार दिवसांत पाठदुखी देते. ही स्थिति ठरल्यावर तो पुठ्ठ्याचा नमुना कापतो, आणि मगच लोखंडाला हात लावतो.

सर्वांत नाजुक भाग रुळांचा. बैठक पुढें-मागें सरकविण्यासाठीं खालीं दोन रूळ असतात. ते एकमेकांना समांतर नसले तर बैठक मध्येंच अडते. आणि त्याहून वाईट म्हणजे, एका बाजूची खिट्टी दांत्यांत बसते व दुसऱ्या बाजूची अधांतरीं राहते. चालकाला वाटतें बैठक पक्की झाली. जोरानें ब्रेक दाबतांच ती वांकडी होऊन पुढें धांवते आणि पायांना पेडल सांपडेनासें होतें. म्हणून जाणता कारागीर बैठक रुळांसह ब्रॅकेटाला सैल बोल्टांनीं जोडून ठेवतो, वेल्डिंगचे नुसते ठिपके देतो, बैठक एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत दहा वेळां सरकवून पाहतो, प्रत्येक खांचेंत दोन्ही खिट्ट्या बसल्याची खात्री करतो, आणि नंतरच ब्रॅकेट बाहेर काढून पूर्ण सांधे भरतो. खुद्द रूळ तो कधींही वेल्ड करीत नाहीं. कारण उष्णतेनें ते वांकतात व त्यांच्या पोलादाचें पाणी उतरतें. बोल्टाचें भोक पट्टीच्या काठाशीं घेत नाहीं. काठापासून निदान बोल्टाच्या दुप्पट जाडीइतकें अंतर ठेवतो. उभ्या पट्टीला आडवा टेकू देतो, म्हणजे ती बाजूला कलत नाहीं. आणि काम संपल्यावर महिन्याभरानें सर्व नट पुन्हां पान्यानें पाहण्यासाठीं गाडी परत बोलावतो.

कायद्याची बाजूही विसरतां येत नाहीं. मोटार वाहन कायदा, १९८८, याच्या ५२ व्या कलमाप्रमाणें, नोंदणीपत्रांतील तपशील कारखान्यानें मुळांत दिलेल्या तपशिलाहून वेगळा होईल असा फेरफार मालकाला करतां येत नाहीं. आणि जानेवारी २०१९ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें या कलमाचा अर्थ कडकपणें लाविला. गाडींत किती जणांनीं बसावयाचें, ही संख्या नोंदणीपत्रांत लिहिलेली असते. तिघांचें बाक काढून दोघांच्या बैठका घातल्या, म्हणजे त्या संख्येचा प्रश्न उभा राहतो. म्हणून कामाला हात घालण्यापूर्वीं परिवहन कार्यालयांत चौकशी करणें आणि विमा कंपनीला लेखी कळविणें, हेंच शहाणपणाचें. अपघातानंतर विम्याचा अधिकारी गाडी तपासावयाला येतो, त्या वेळीं ही चौकशी करून उपयोग नसतो.

एवढें सर्व ऐकून कोणी म्हणेल, मग जुनें बाकच काय वाईट? कित्येक घरांसाठीं हेंच उत्तर योग्य ठरेल. रविवारीं सकाळीं शिवाजी पार्काभोंवतीं एक फेरी मारण्यापुरती जी गाडी बाहेर निघते, तिच्या बाकाच्या स्प्रिंगा बदलून, गादी नव्यानें भरून आणि सांगाड्याला पक्के सीटबेल्ट बसवून काम भागतें. खर्चही कमी, आणि गाडीचें मूळ रूप टिकतें. परंतु ज्यांना घाटांतून लांबचा प्रवास करावयाचा आहे, ज्यांच्या पाठीला वा मानेला आधाराची खरी गरज आहे, त्यांनीं नवी बैठक जरूर घ्यावी. मात्र बैठकीसाठीं ठरविलेल्या रकमेंतून आधीं ब्रॅकेटाचा व तळाच्या दुरुस्तीचा खर्च बाजूला काढावा, आणि उरलेल्या पैशांत जी बैठक येईल ती घ्यावी. साधी बैठक मजबूत पायांवर चालते. भारी बैठक दुबळ्या पायांवर चालत नाहीं. काढलेलें बाकही मोडींत देऊं नये. ब्रॅकेट बोल्टांनींच बसविलें असेल, तर उद्यां पुन्हां मूळ बाक जागेवर येऊं शकतें.

गृहस्थाला स्वतः वेल्डिंग येण्याची आवश्यकता नाहीं. त्याला प्रश्न विचारतां आले म्हणजे पुरे. पत्र्याखालीं तबकडी आहे काय, आणि ती केवढी? बोल्टाच्या डोक्यावर आंकडा कोणता? पुढच्या व मागच्या बोल्टांत अंतर किती? दोन्ही खिट्ट्या प्रत्येक खांचेंत बसतात काय? बेल्ट सांगाड्याला बांधला आहे, कीं बैठकीला? या पांच प्रश्नांचीं उत्तरें जो मिस्तरी गाडीखालीं दिवा धरून दाखवून देतो, त्याच्याकडे काम द्यावें. 'काळजी करूं नका, पक्कें बसवितों' एवढेंच जो सांगतो, त्याच्याकडून चहा घ्यावा आणि गाडी तशीच घरीं न्यावी.